कुंभकोणम शाळा आग दुर्घटना

कुंभकोणम शाळा आग दुर्घटना ही तमिळनाडू राज्याच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम या शहरात १६ जुलै, इ.स. २००४ रोजी घडलेली दुर्घटना आहे. काशीरामन मार्गावरील श्रीकृष्ण अनुदानित खासगी शाळेच्या आवारातील स्वयंपाकगृहाला लागलेली आग शाळेच्या वरच्या मजल्यावरील झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली आणि तिच्यात ९४ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये प्रामुख्याने प्राथमिक वर्गांतील मुले-मुली होती. स्वतंत्र भारतातील शाळांमध्ये घडलेल्या सर्वांत भीषण दुर्घटनांमध्ये हिची गणना होते. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २००९ मध्ये दिलेल्या निकालाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. दरवर्षी १६ जुलै रोजी मृत मुलांचे पालक शाळेच्या जागी एकत्र येऊन त्यांचे स्मरण करतात.

पार्श्वभूमी

कुंभकोणम हे कावेरी व अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले प्राचीन देवस्थानांचे शहर आहे. दर बारा वर्षांनी येथील महामहम तलावावर भरणाऱ्या स्नानपर्वासाठी ते प्रसिद्ध असून दुर्घटनेच्या वर्षी, म्हणजे २००४ च्या मार्च महिन्यातच हे पर्व पार पडले होते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय शिक्षण याच शहरात झाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इ.स. १८५५ पर्यंत तंजावर येथे भोसले घराण्याचे राज्य होते व कुंभकोणमचा प्रदेशही दीर्घकाळ त्याच राज्यात मोडत असे. या कारणाने तंजावर आणि कुंभकोणम परिसरात तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत.

श्रीकृष्ण शाळा दाट वस्तीच्या भागात होती. एकाच आवारात एकाच व्यवस्थापनाच्या एकाहून अधिक शाळा भरत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातील वर्णनानुसार या इमारतीत सुमारे ९०० विद्यार्थी दाटीवाटीने बसत. जिना अरुंद होता आणि आत येण्याचा व बाहेर पडण्याचा मार्ग एकच होता. वरच्या मजल्यावरील वर्गांवर पक्के छत नव्हते. बांबूंच्या आधारावर झावळ्या अंथरून ते शाकारलेले होते. मुलांच्या माध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकगृहही त्याच आवारात आणि तशाच छपराखाली होते.

शाळेत शिजवलेले अन्न देण्याची तमिळनाडूतील परंपरा जुनी आहे. मुख्यमंत्री के. कामराज यांच्या कार्यकाळात शालेय भोजनाची योजना राज्यभर पसरली आणि इ.स. १९८२ मध्ये मुख्यमंत्री एम.जी. रामचंद्रन यांनी तिचे पौष्टिक आहार योजनेत रूपांतर केले. केंद्र शासनाची माध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट, इ.स. १९९५ रोजी सुरू झाली. २८ नोव्हेंबर, इ.स. २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. योजनेमुळे गरीब मुलांची उपस्थिती वाढली. मात्र स्वतंत्र व सुरक्षित स्वयंपाकगृहे सर्वत्र बांधली गेली नव्हती, त्यामुळे अनेक ठिकाणी पेटती चूल वर्गांच्या अगदी लगत आली. कुंभकोणमच्या दुर्घटनेने ही उणीव देशासमोर आणली.

तमिळनाडूतील आधीच्या दुर्घटना

झावळ्यांचे छप्पर स्वस्त असते, स्थानिक कारागिरांना सहज घालता येते आणि उन्हाळ्यात आतली जागा थंड ठेवते. म्हणून तमिळनाडूत घरे, मांडव, भोजनगृहे व शाळा यांवर ते सर्रास आढळत असे. कोरड्या झावळ्या मात्र ठिणगी पडताच पेट घेतात, आग वरून वेगाने पसरते व जळते छप्पर खालच्या माणसांवर कोसळते. कुंभकोणमपूर्वीच्या सात वर्षांत राज्यात अशा प्रकारच्या तीन मोठ्या दुर्घटना घडल्या होत्या.

७ जून, इ.स. १९९७ रोजी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात धार्मिक विधीसाठी उभारलेल्या मांडवाला आग लागून चाळीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले.

६ ऑगस्ट, इ.स. २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या छपराच्या निवासाला आग लागली. रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले असल्याने २८ जणांना बाहेर पडता आले नाही.

२३ जानेवारी, इ.स. २००४ रोजी श्रीरंगम येथील एका विवाह सभागृहात आग लागून नवरदेवासह पन्नासच्या आसपास लोकांचा मृत्यू झाला. ही घटना कुंभकोणमच्या आगीच्या सहा महिने आधीची आहे.

तिन्ही ठिकाणी ज्वलनशील आच्छादन, एका जागी झालेली गर्दी आणि सुटकेच्या मार्गांचा अभाव या गोष्टी समान होत्या. श्रीकृष्ण शाळेतही त्याच तीन गोष्टी एकत्र आल्या.

घटनाक्रम

१६ जुलै, इ.स. २००४ हा शुक्रवार होता. सकाळी वर्ग सुरू असताना व स्वयंपाकगृहात दुपारच्या जेवणाची तयारी चालू असताना, साडेदहा ते अकराच्या सुमारास, चुलीतील ठिणग्यांनी स्वयंपाकगृहाच्या छपराने पेट घेतला. तेथून ज्वाळा वरच्या मजल्यावरील वर्गांच्या छपराला लागल्या आणि काही मिनिटांत संपूर्ण छप्पर पेटले. धुराने वर्ग भरून गेले. जिना अरुंद असल्याने मुलांची त्यावर कोंडी झाली. जळते बांबू व झावळ्या वर्गात अडकलेल्या मुलांवर कोसळल्या.

आसपासचे रहिवासी व अग्निशामक दलाचे जवान यांनी मुलांना बाहेर काढण्याचे काम केले. तळमजल्यावरील बहुतेक विद्यार्थी वाचले. मृत्यू मुख्यतः वरच्या मजल्यावर झाले. बहुतेक मृतदेह इतके भाजलेले होते की त्यांची ओळख पटवणे अतिशय कठीण गेले. कपड्यांच्या तुकड्यांवरून व अंगावरील लहानसहान वस्तूंवरून पालकांना आपली मुले ओळखावी लागली. काही कुटुंबांतील एकाहून अधिक मुले या आगीत गेली. आगीतून वाचलेल्या भाजलेल्या मुलांना त्यानंतर दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले.

मृतांची संख्या सर्वसाधारणपणे ९४ अशी नोंदवली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ती ९३ आहे.

तात्कालिक प्रतिसाद

तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता यांच्या शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना आर्थिक मदत जाहीर केली व घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती के. संपत यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्ती व शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्यात आले. राज्यभरातील शाळांना झावळ्या व गवताची छपरे काढून त्यांजागी न जळणारी छते बसवण्याचे आदेश देण्यात आले. अशा छपराखाली चालणाऱ्या शाळेला मान्यता कशी मिळाली व तिची तपासणी करणाऱ्यांनी ती कशी चालू दिली, हा प्रश्न तपासात आणि पुढील खटल्यात केंद्रस्थानी राहिला.

खटला

खटल्याचा निकाल लागण्यास दहा वर्षे लागली. ३० जुलै, इ.स. २०१४ रोजी तंजावर येथील न्यायालयाने २१ आरोपींपैकी १० जणांना दोषी ठरवले व ११ जणांची निर्दोष मुक्तता केली. शाळेच्या संस्थापकास जन्मठेप व मोठ्या रकमेचा दंड अशी शिक्षा झाली. दोषी ठरलेल्यांमध्ये व्यवस्थापन, माध्यान्ह भोजनाची व्यवस्था आणि शिक्षण विभाग यांच्याशी संबंधित व्यक्तींचा समावेश होता. शिक्षण विभागातील अनेक अधिकारी सुटल्याबद्दल पालकांनी त्या वेळी नाराजी व्यक्त केली होती.

दोषी ठरलेल्यांनी मद्रास उच्च न्यायालयात अपील केले. इ.स. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने संस्थापकाची जन्मठेप रद्द करून भोगलेला कारावास हीच शिक्षा मानली व इतर काही जणांची निर्दोष मुक्तता केली.

नुकसानभरपाईचा लढा फौजदारी खटल्यापासून स्वतंत्रपणे चालला. सुरुवातीची मदत अपुरी असल्याचे सांगून पालकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. भरपाईची रक्कम ठरवण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोग नेमण्यात आला.

अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार

दुर्घटनेनंतर त्याच वर्षी अविनाश मेहरोत्रा यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. एका शाळेतील दोषींना शिक्षा व्हावी एवढ्यापुरती ती मर्यादित नव्हती. देशातील सर्व शाळांच्या इमारती सुरक्षित असाव्यात, अशी तिची मागणी होती. १३ एप्रिल, इ.स. २००९ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी व न्यायमूर्ती लोकेश्वर सिंग पांटा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ व २१-क यांनी दिलेल्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. मुलाला शाळेत पाठवणे जर बंधनकारक असेल, तर ती शाळा त्याच्या जिवाला धोका नसणारी असली पाहिजे, हा या निकालाचा गाभा आहे.

निकालातील प्रमुख निर्देश पुढीलप्रमाणे होते:

• शाळेला मान्यता किंवा संलग्नता देण्यापूर्वी तिची इमारत राष्ट्रीय इमारत संहितेतील मानकांनुसार सर्व दृष्टींनी सुरक्षित असल्याची राज्य शासनाने खात्री करावी.
• सर्व शासकीय व खासगी शाळांनी सहा महिन्यांच्या आत अग्निशामक साधने बसवावीत.
• शाळेच्या इमारतीत ज्वलनशील व विषारी पदार्थ ठेवू नयेत. ठेवणे अपरिहार्य असल्यास ते सुरक्षित रीतीने साठवावेत.
• इमारतींच्या बांधकामाची ठरावीक काळाने तपासणी व्हावी आणि प्रत्यक्ष पाहणीनंतरच सुरक्षितता प्रमाणपत्र द्यावे.
• कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करावी.
• शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांना अग्निशामक साधने वापरण्याचे प्रशिक्षण वेळोवेळी द्यावे.

त्याच वर्षी संमत झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि शाळेत अन्न शिजत असल्यास स्वयंपाकगृह, यांचा शाळेच्या किमान निकषांत समावेश आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने इ.स. २०१६ मध्ये शालेय सुरक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार आगप्रतिबंधक यंत्रणा बसवण्याची व ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर असते.

स्मरण

दुर्घटनेनंतर शाळेची इमारत व तिच्यासमोरील रस्ता ही पालकांची स्मरणाची जागा बनली. दरवर्षी १६ जुलै रोजी तेथे मृत मुलांची छायाचित्रे असलेला मोठा फलक लावला जातो. पालक व नातेवाईक त्यापुढे फुले वाहतात, दिवे लावतात आणि मुलांना आवडणारे खाऊचे पदार्थ ठेवतात. सायंकाळी दिवे घेऊन महामहम तलावाकडे मिरवणुकीने जाण्याचीही प्रथा पडली आहे. शहरात मुलांच्या नावाने स्मारक उभारण्यात आले आहे. छायाचित्रांतील मुले आठ-दहा वर्षांचीच राहिली असली, तरी त्यांच्याबरोबर शिकलेली व आगीतून वाचलेली मुले आता तिशीच्या आसपास पोहोचली आहेत.

इ.स. २०२४ मध्ये दुर्घटनेला वीस वर्षे पूर्ण झाली. १६ जुलै हा दिवस शालेय मुलांच्या सुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जावा, ही पालकांची जुनी मागणी आहे. या दिवशी प्रत्येक शाळेत सुटकेच्या मार्गांची पाहणी व सराव व्हावा, म्हणजे स्मरण केवळ शोकापुरते न राहता इतर मुलांच्या उपयोगी पडेल, अशी या मागणीमागील भूमिका मांडली जाते.

तत्सम दुर्घटना

शाळेतील आगीनंतर सुरक्षेचे नियम बदलल्याची उदाहरणे इतर देशांतही आढळतात. अमेरिकेतील ओहायो राज्यात कॉलिनवूड येथील शाळेला ४ मार्च, इ.स. १९०८ रोजी लागलेल्या आगीत १७२ मुलांचा मृत्यू झाला. शिकागोतील अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेच्या १ डिसेंबर, इ.स. १९५८ रोजीच्या आगीत ९२ विद्यार्थी व तीन जोगिणी मरण पावल्या. त्यानंतर अमेरिकेत शाळांमधील जिने, दरवाजे, धोक्याची घंटा आणि आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव यांविषयीचे नियम कडक करण्यात आले. भारतात २३ डिसेंबर, इ.स. १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभाच्या मांडवाला आग लागून चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. डबवालीच्या मांडवातही बाहेर पडण्याचा मार्ग अपुरा होता. पुढील नऊ वर्षांनी कुंभकोणमच्या जिन्यावर त्याच त्रुटीची पुनरावृत्ती झाली.

हे सुद्धा पहा

• कुंभकोणम
• तंजावर जिल्हा
• माध्यान्ह भोजन योजना
• डबवाली आग दुर्घटना
• शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९