मागापासून पडद्यापर्यंत

मोहाडी तालुक्यातले आमचे आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. लहानपणी मी खड्डामागाशेजारी तासन्‌तास बसे. विणकराचे पाय खड्ड्यात, हात धोट्यावर. करवतकाठीसाठी तीन धोटे चालत. पण कोणताही हाताबाहेर नसे. धागा तुटला की बोटांना कळे आणि माग तिथेच थांबे.

मागाला हुकूम देण्याची रीत पुढे बदलली. फ्रान्समध्ये जोसेफ जाकारने १८०४ साली नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरवली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हॉलरिथच्या यंत्रांनी अशाच भोकांच्या कार्डांवरून माणसे मोजली. संगणकाची एक वाट अशी मागावरून गेली. आज त्याच संगणकाचा पडदा कारखान्यातल्या यंत्रांवर बसतो.

माझा भाचा अशाच एका पडद्यापुढे काम करी. सूचना इंग्रजीत, थांबवायचे बटण पाठीमागे. त्याचे एक बोट गेले. पडदा निवडताना किंमत पाहिली गेली. त्याला कुणी विचारले नव्हते.

यंत्र घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच : अक्षरे मोठी आणि मराठीत असावीत, लाल बटण हाताशी असावे. आणि पैसे मोजण्याआधी यंत्र चालवणाऱ्यालाच त्या पडद्यापुढे उभे करून पाहावे.