ब्रेन्ते मान्लर

ब्रेन्ते मान्लर हा डेन्मार्कमधील एक गोड पदार्थ आहे. साल न काढलेले बदाम साखरेच्या पाकात घालून, पाक आटेपर्यंत ढवळत राहून, त्यांवर साखरेचे खडबडीत व अंशतः वितळलेले कवच चढवले की तो तयार होतो. नाताळच्या दिवसांत तो बाजारांत आणि करमणूक-उद्यानांत गरमागरम विकला जातो, तसाच डिसेंबर महिन्यात घरोघरी केलाही जातो. बदाम, साखर आणि पाणी एवढेच त्याचे मूळ साहित्य. कृतीही अर्ध्या तासाच्या आतली आहे. मात्र मधल्या एका टप्प्यावर पातळ पाक अचानक कोरडा पडून वाळूसारखा होतो आणि पदार्थ बिघडला असे समजून नवशिके तो तेथेच सोडून देतात. वस्तुतः हा टप्पा बिघाड नसून या पदार्थाचा गाभा आहे.

नाव

डॅनिश भाषेत ‘ब्रेन्ते’ म्हणजे जळालेले किंवा भाजलेले आणि ‘मान्लर’ म्हणजे बदाम. दोन्ही शब्दांच्या लेखनात ‘ड’साठीचे अक्षर आहे, परंतु उच्चारात ते ऐकू येत नाही. नाव शब्दशः घेतल्यास फसवे ठरते, कारण यात बदाम जाळायचा नसतो. जळलेला बदाम कडू लागतो आणि एखादा दुसरा असा दाणाही सगळ्या घाण्याची चव घालवतो. येथे ‘जळणे’ आहे ते साखरेचे, आणि तेही तांबूस रंग येण्यापुरतेच.

शेजारच्या भाषांतही हेच नाव आढळते. जर्मनमध्ये ‘गेब्रान्टे मान्डेल्न’, नॉर्वेजियनमध्ये ‘ब्रेन्टे मान्डलर’ आणि स्वीडिशमध्ये ‘ब्रेन्डा मान्डलार’ असे म्हणतात. स्पेनमधील ‘आल्मेन्द्रास गारापिन्यादास’ आणि फ्रान्समधील मूळ स्वरूपातील ‘प्रालीन’ हे पदार्थही याच कुळातले. त्यामुळे हा पदार्थ केवळ डेन्मार्कचा आहे असे म्हणता येत नाही. तेथील नाताळात त्याला मिळालेली जागा मात्र खास डॅनिश आहे.

घटकांची पार्श्वभूमी

डेन्मार्कच्या थंड हवेत बदामाची शेती होत नाही, ऊसही पिकत नाही. त्यामुळे हा पदार्थ दोन आयात वस्तूंच्या भेटीतून घडलेला आहे. बदाम दक्षिण युरोपातून येत असत. आज कॅलिफोर्नियातूनही येतात.

साखरेचा इतिहास अधिक कटू आहे. डेन्मार्कने कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस आणि सेंट जॉन या बेटांवर वसाहती वसवल्या आणि १७३३ मध्ये फ्रान्सकडून सेंट क्रॉय हे बेट विकत घेतले. तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत आणि कच्ची साखर शुद्धीकरणासाठी कोपनहेगनला येई. डेन्मार्कच्या राजाने १७९२ मध्ये गुलामांच्या समुद्रापार व्यापारावर बंदी घालणारा हुकूम काढला खरा, पण तो अमलात आला १८०३ मध्ये. प्रत्यक्ष गुलामगिरी संपायला १८४८ साल उजाडावे लागले आणि तेही सेंट क्रॉयवरील गुलामांच्या उठावानंतर. ही बेटे १९१७ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेली. दरम्यान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कमध्ये शर्कराकंदापासून, म्हणजे साखरेच्या बीटपासून, साखर करण्याचा उद्योग उभा राहिला. १८७२ मध्ये ‘डॅनिश साखर कारखाने’ अशा अर्थाच्या नावाची कंपनी स्थापन झाली आणि लोलान व फाल्स्टर या दक्षिणेकडील बेटांवर कंदाची लागवड पसरली. साखर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावाचून पावशेर साखर एका कढईत ओतण्याची चैन घरोघरी पोहोचणे शक्य नव्हते.

नाताळातील स्थान

डेन्मार्कमध्ये नाताळचा मुख्य समारंभ २५ डिसेंबरला नव्हे, तर २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. त्याआधीचे चार रविवार ‘अॅडव्हेन्ट’ म्हणून पाळले जातात. हा काळ अंधाराचा असतो. कोपनहेगनमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी पावणेचारच्या आसपास सूर्य मावळतो. या दिवसांत लोक घरात जमून कागदी सजावट करतात, बिस्किटे भाजतात, मार्झिपान व चॉकलेटचे छोटे प्रकार वळतात. ब्रेन्ते मान्लर याच घरगुती उद्योगांपैकी एक. ते बरणीत किंवा कागदी पुड्यात भरून यजमानांना भेट म्हणूनही दिले जातात.

या पुड्याला ‘क्रेमरहूस’ म्हणतात. ‘क्रेमर’ म्हणजे किरकोळ विक्रेता आणि ‘हूस’ म्हणजे घर. आपल्याकडे शेंगदाणे ज्या निमुळत्या पुड्यात मिळतात, त्याच आकाराचा हा कागदी शंकू असतो. रंगीत कागदाचे, वर धरायला पट्टी लावलेले क्रेमरहूस नाताळवृक्षावर टांगून त्यांत खाऊ भरण्याची चाल आहे. त्यांच्या शेजारी दोन रंगांच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेली कागदी हृदये टांगतात. उपलब्ध असलेले असे सर्वांत जुने हृदय प्रसिद्ध कथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांनी १८६० च्या सुमारास केलेले आहे.

घराबाहेर हा पदार्थ आधी भेटतो तो वासाने. विक्रेते मोठ्या तांब्याच्या कढईत बदाम परतत असतात. भाजलेली साखर आणि दालचिनी यांचा वास गार हवेत दूरवर जातो आणि गिऱ्हाईक त्या मागावर येते. कोपनहेगनमधील तिवोली हे उद्यान १८४३ मध्ये सुरू झाले. मुळात ते उन्हाळ्यापुरते उघडे असे. १९९४ पासून तेथे नाताळचा बाजारही भरू लागला आणि तेथील बदामाच्या पुड्या पर्यटकांच्याही ओळखीच्या झाल्या.

डॅनिश नाताळात बदामाचे आणखी एक महत्त्वाचे काम आहे. २४ तारखेच्या जेवणानंतर ‘रिसालामांग’ नावाची, फेटलेली साय आणि चिरलेले बदाम घातलेली थंड तांदळाची खीर वाढतात. तिच्यात एकच अख्खा बदाम लपवलेला असतो आणि तो ज्याला सापडेल त्याला बक्षीस मिळते. सापडलेला बदाम गालात दडवून ठेवून इतरांना शेवटपर्यंत खीर खायला लावणे हा या खेळातला मान्य लबाडपणा आहे. याउलट ‘पेबरनोडर’ या नावाचा अर्थ ‘मिरीचे दाणे असलेला सुकामेवा’ असा काहीसा होत असला, तरी ती मसाल्याची छोटी बिस्किटे असतात. नावावरून त्यांची या बदामांशी गल्लत करू नये.

घरगुती कृती

प्रचलित प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : २०० ग्रॅम बदाम, २०० ग्रॅम साखर आणि १ डेसिलिटर (१०० मिलिलिटर) पाणी. कमी गोड हवे असल्यास साखर १५० ग्रॅमपर्यंत उतरवता येते. चवीसाठी एक लहान चमचा दालचिनीची पूड किंवा व्हॅनिला घालतात. काही घरांत वेलदोडाही चालतो. बदाम सालासकट, कोरडे आणि ताजे असावेत. खवट बदामाचा वास साखरेने झाकला जात नाही. भिजवून सोललेले बदाम घेऊ नयेत, कारण त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर साखर नीट धरत नाही.

जाड बुडाची, पसरट कढई आणि लांब दांड्याचा लाकडी उलथना घ्यावा. आतून काळ्या रंगाच्या तव्यात साखरेचा बदलता रंग दिसत नाही, ही अडचण आहे. काम सुरू करण्यापूर्वीच शेजारी बेकिंग पेपर पसरून ठेवावा, किंवा ताटाला तेलाचा हात लावून ठेवावा. शेवटच्या क्षणी शोधाशोध करण्यास वेळ नसतो.

साखर, पाणी आणि बदाम एकत्र करून मध्यम आचेवर उकळावे. प्रथम बुडबुडे लहान आणि चपळ असतात. पाणी उडत जाते तसे ते मोठे, चिकट आणि संथ होतात. या वेळेपासून ढवळणे थांबवू नये. थोड्याच वेळात पाक दुधाळ दिसू लागतो आणि पाहता पाहता कढईत द्रव उरतच नाही. बदामांवर पांढरट, कोरडी, भुरभुरीत साखर चिकटलेली दिसते व उरलेली तळाशी वाळूसारखी पडते.

आता आच किंचित कमी करून ढवळत राहावे. तळाची साखर हळूहळू वितळून मधाच्या रंगाची होते. उलथन्याने बदाम सतत वरखाली केले, तर हा वितळलेला थर त्यांच्या अंगावरच्या कोरड्या साखरेला चिकटतो आणि तळाची वाळू उचलली जाते. बदाम तडतडू लागतात. पूड दालचिनी याच वेळी घालणे इष्ट, कारण आरंभापासून तळाशी राहिल्यास ती जळते. निम्म्याहून अधिक पृष्ठभाग चकाकू लागला आणि तरीही खडबडीत राहिला, की कढई उतरवावी. सगळी साखर वितळण्याची वाट पाहिल्यास गुळगुळीत काचेचा थर येतो आणि बदाम एकमेकांना घट्ट चिकटतात. तो पदार्थ खाण्यास वाईट नसतो, पण त्याला ब्रेन्ते मान्लर म्हणत नाहीत.

बदाम लगेच कागदावर ओतून दोन काट्यांनी सुटे करावेत. त्यांचा कुरकुरीतपणा पूर्ण गार झाल्यावरच कळतो. गरम असताना ते मऊच लागतात, म्हणून मऊ लागले तरी ते पुन्हा आचेवर चढवू नयेत. गार झालेला एक दाणा मधून कापून पाहावा. आतला रंग फिकट बदामी असेल तर भाजणी नीट झाली असे समजावे.

पाक वाळूसारखा का होतो

२० अंश सेल्सिअस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे वर दिलेले घरगुती प्रमाण जवळजवळ संपृक्त द्रावणाचेच आहे. उकळताना तापमान वाढते तशी साखर विरघळण्याची मर्यादाही वाढते, पण त्याच वेळी पाणी उडून जात असते. शेवटी पाण्याच्या मानाने साखर इतकी जास्त होते की द्रावण अतिसंपृक्त बनते. अशा द्रावणाला ढवळण्याचा धक्का आणि बदामाच्या सालीचा खरखरीत आधार मिळाला, की साखरेचे असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात. पुढच्या टप्प्यात कोरडी साखर साधारण १६० अंशांच्या पुढे वितळू लागते, तिचे रासायनिक विघटन होऊन तांबूस रंग व खमंग वास येतो. यालाच कॅरॅमलीकरण म्हणतात.

यावरून हेही कळते की पाकात लिंबू पिळणे येथे वर्ज्य का. पाक साखरू नये म्हणून आपल्याकडे त्यात लिंबाचे थेंब टाकतात. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत फुटतो आणि स्फटिक बनण्यास अडथळा होतो. या पदार्थात तर पाक साखरायलाच हवा. गुळातही अशा फुटलेल्या शर्करा असतात, म्हणून केवळ गूळ वापरून हा पदार्थ साधत नाही. त्यातून चिक्कीच्या जवळचे काहीतरी तयार होते. मराठी वाचकाला तुलना हवी असेल तर संक्रांतीच्या काटेरी हलव्याची घ्यावी. तेथेही दाण्यावर पाक साखरवतात, मात्र थेंबाथेंबाने आणि कित्येक तास, शिवाय साखर पांढरी राहील अशा मंद आचेवर.

पाक कोरडा पडतच नसेल तर आच बहुधा कमी असते, किंवा ढवळणे अपुरे झालेले असते. उलट साखर कोरडी पडल्यावर ती तशीच राहून करपू लागली, तर आच फार मोठी आहे असे समजावे.

काळजी

वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते आणि कातडीला चिकटून राहते, म्हणून तिचा चटका खोल जातो. डेन्मार्कमध्ये हा उद्योग मुलांना सोबत घेऊन करतात. त्यांच्याकडे मोजमाप आणि पुडे वळण्याचे काम द्यावे, कढई मोठ्यांकडेच ठेवावी. कढईतला दाणा बोटाने उचलून चाखू नये. चटका बसल्यास भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

अगदी लहान मुलांना अख्खे बदाम देऊ नयेत, कारण कठीण दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. काहींना बदामाची तीव्र अॅलर्जी असते, त्यामुळे भेट द्यायच्या पुड्यावर आतील पदार्थाचे नाव लिहिणे योग्य. कडू बदाम वापरू नयेत. त्यांतून सायनाइड हे विष तयार होते. बदाम व साखर समप्रमाणात घेतल्यास १०० ग्रॅम पदार्थातून सुमारे ४९० किलोकॅलरी ऊर्जा मिळते.

प्रकार, साठवण आणि कढई

याच पद्धतीने हेझलनट, अक्रोड, काजू आणि शेंगदाणेही करतात. अक्रोडाच्या घड्यांत साखर भरपूर बसते, म्हणून त्याला ती थोडी कमी घ्यावी. काजू लवकर करपतो. खारवलेले दाणे घेऊ नयेत. मीठ हवे असल्यास शेवटी चिमूटभर भुरभुरावे.

पूर्ण गार झालेले बदाम घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगले राहतात. वितळून गोठलेली साखर हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे दमट हवेत उघडे राहिल्यास ते काही तासांतच चिकट होतात. कागदी पुड्यात म्हणूनच खाण्याच्या वेळी भरावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. कढईला चिकटलेली साखर खरवडत बसण्याचे कारण नाही. तिच्यात पाणी घालून उकळी आणली की ती आपोआप विरघळते, आणि उलथनाही त्याच पाण्यात बुडवून ठेवला तर स्वच्छ होतो.