सरकीत औषध कसं भरतेत?

दिवाळीत मामांकडे गेलो होतो, माजलगावला. कापूस वेचून ओसरीत पडलेला. मामा म्हणाले, "तू एवढा कंप्युटरवाला, सांग बरं, ह्या सरकीत औषध कसं भरतेत?" आमच्या बीड जिल्ह्यात बीटी म्हणजे औषध भरलेलं बियाणं, हा पक्का समज. मी काहीतरी पुटपुटलो, आणि पुण्याला येऊन दोन वीकेंड वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते १९०७ साली. झाडाच्या बुंध्याला येणारी गाठ मातीतल्या एका जीवाणूमुळे येते, हे अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी दाखवलं. हाच अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. गंमत म्हणजे, जीवाणू मेला तरी गाठ वाढतच राहायची! म्हणजे तो आत काहीतरी ठेवून जात होता. काय, ते कळायला १९७७ उजाडलं. मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांना झाडाच्या पेशीत चक्क जीवाणूचा डीएनए सापडला.

तो जातो कसा? जीवाणूच्या आवरणांतून आरपार एक नळी असते: विरबी गटाची अकरा प्रथिनं आणि दाराशी विरडी४. हिचं नाव टाइप फोर सिक्रिशन सिस्टिम. विरडी२ हे प्रथिन डीएनएचा एकेरी धागा कापून त्याच्या टोकाला स्वतःच चिकटतं. नळी ओळखते ती या प्रथिनाला. डीएनए आपला बैलामागच्या गाडीसारखा ओढला जातो. विरई२ हे आणखी एक प्रथिन त्याच नळीतून वेगळं जातं आणि पलीकडे धाग्याला गुंडाळतं. आधी पार्सल, मग पॅकिंग!

शास्त्रज्ञांनी फक्त पार्सल बदललं. गाठीची जनुकं काढून दुसऱ्या एका जीवाणूचं क्राय१एसी हे जनुक ठेवलं. मोन्सँटोनं ते असं कोकर ३१२ या अमेरिकन कापसात घातलं, जालन्याच्या महिकोनं संकर करून आपल्या वाणांत आणलं. मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. (२००६ च्या बोलगार्ड-२ मधलं दुसरं जनुक मात्र जीन-गननं मारलेलं. असो.)

हिरवी बोंडअळी आवरली, गुलाबी मात्र सरावली. २०१७ साली मामांनी उभ्या कापसात रोटाव्हेटर फिरवला.

परवा फोनवर हे सगळं सांगितलं.

"म्हंजे इख सरकी सोताच करती?"

"हो. पण त्याला न भिणाऱ्या अळ्या वाढल्या. म्हणून तर सोबत बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं. ते कडेनं लावायचं, म्हणजे साध्या अळ्याही टिकतात, आणि त्यांच्याशी संकर होऊन ही जात लवकर पसरत नाही."

मामा थोडा वेळ गप्प.

"ते व्हय? ते तर आम्ही बांधावर फेकून द्यायचो."