चौसष्ट घरे आणि धारानगरी

बुद्धिबळ हा आपला खेळ आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. पण पुरावा विचारला की बहुधा मंदोदरीची कथा पुढे येते. लंकेला वेढा पडला असता रावणाच्या विरंगुळ्यासाठी तिने हा खेळ रचला, अशी ती कथा. कथा मनोरम आहे, परंतु तिच्या आधारावर इतिहास उभा राहत नाही. खरे तर अशा आधाराची आपल्याला गरजही नाही. या खेळाचे जुने आणि भरवशाचे काही दाखले संस्कृत ग्रंथांत आहेत, आणि त्यांतील एक थेट माळव्यातला, परमारांच्या दरबारातला आहे.

'चतुरंग' म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांची सेना. 'अष्टापद' म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त या दोन शब्दांवर श्लेष साधला आहे. हर्षाच्या राज्यात चतुरंगाच्या रचना शिकायच्या त्या अष्टापदावरच, अशा आशयाचा तो श्लेष. सेना आणि पट यांची सांगड तोवर वाचकाच्या परिचयाची झाली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

माळव्याचा दाखला त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी येतो. परमार राजा वाक्पती मुंज याच्या आश्रयाला हलायुध नावाचा पंडित होता. त्यापूर्वी तो राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या दरबारी होता. म्हणजे दख्खनची विद्या माळव्यात नेणाऱ्यांपैकी तो एक. दहाव्या शतकाच्या अखेरीस त्याने पिंगलाच्या छंदःसूत्रांवर 'मृतसंजीवनी' ही टीका लिहिली. तीत अक्षरांची एक मांडणी समजावताना तो सांगतो, की चतुरंगाच्या खेळात आखतात तसा चौसष्ट घरांचा पट आखावा. खेळाविषयी तो याहून अधिक काही सांगत नाही.

हा ओझरता उल्लेखच मोलाचा आहे. अवघड गोष्ट समजावताना शिक्षक उदाहरण देतो ते विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असलेल्या वस्तूचे. चौसष्ट घरांचा पट कसा असतो, हे छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नव्हते, असा त्याचा अर्थ. खेळाची थोरवी गाणाऱ्या दहा कथांपेक्षा असे एक सहज वाक्य इतिहासाला अधिक उपयोगी पडते.

पट आणि काव्य यांचे हे नाते एकट्या हलायुधाचे नाही. नवव्या शतकातील रुद्रटाने 'काव्यालंकारा'त 'तुरगपद' या चित्रकाव्याचे उदाहरण दिले आहे. बत्तीस अक्षरांचा श्लोक अर्ध्या पटावर, म्हणजे बत्तीस घरांत मांडायचा. तो सरळ ओळीने वाचला काय किंवा घोड्याच्या चालीने घरोघर उडी घेत वाचला काय, श्लोक तोच निघतो. घोड्याची अडीच घरांची चाल हजाराहून अधिक वर्षांत बदललेली नाही, याची याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण. धारचा राजा भोज यानेही 'सरस्वतीकंठाभरणा'त गतिचित्रांमध्ये तुरंगपदाचा विचार केला आहे. धारमध्ये भोजशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत सर्पाच्या वेटोळ्यांत वर्णमाला व क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले शिलालेख आहेत. त्यांचा बुद्धिबळाशी संबंध नाही. पण अक्षरे आकृतीच्या चौकटीत बसविण्याची आवड माळव्यात किती रुजली होती, हे त्यांवरून दिसते.

भोजाचा समकालीन अल्बेरुनी याने इ. स. १०३० च्या सुमारास भारतावर आपला ग्रंथ लिहिला. त्यात माळव्याची राजधानी धार, तेथे राज्य करणारा भोजदेव आणि राजवाड्याच्या दारातील चांदीच्या लांबट तुकड्याची दंतकथा आहे. त्याच ग्रंथात चार जणांनी फाशांवर खेळायच्या चतुरंगाचे वर्णन आहे. हत्ती एक घर पुढे किंवा चार कोपऱ्यांपैकी कोणत्याही तिरक्या घरात जाई. म्हणजे त्याची चाल आजच्या हत्तीहून अगदी वेगळी. हा खेळ धारचाच, असे मात्र अल्बेरुनीने म्हटलेले नाही. आपणही म्हणू नये. हलायुध पट सांगतो, डाव सांगत नाही. अल्बेरुनी डाव सांगतो, पण धारच्या नावावर मांडत नाही. दोन्ही साक्षी शेजारी ठेवाव्यात, एकमेकींत मिसळू नयेत.

अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर पवार घराणे माळव्यात स्थिरावले. धारला एक गादी, तर देवासला तुकोजी आणि जिवाजी या बंधूंच्या थोरल्या व धाकट्या पाती झाल्या. हे पवार स्वतःला परमारांचे वंशज मानत. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तरी त्यांच्याबरोबर आलेली मराठी इथल्या घरांत राहिली. त्यामुळे या एका खेळाला इथे तीन नावे मिळाली. पंडितांचे चतुरंग इराणात 'चत्रंग' झाले, अरबीत 'शतरंज' झाले आणि त्या रूपाने परत आले. मराठीने मात्र 'बुद्धिबळ' हा स्वतःचा शब्द वापरला. आतली भाषा तरीही प्रवासाची खूण सांगते. वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्द फारसी-अरबी वाटेने आले, तर राजा, हत्ती, घोडा आणि उंट हे देशी राहिले.

नियमही असेच फिरत आले. वजीर आणि उंट यांना आजची लांब पल्ल्याची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. आपल्याकडील देशी पद्धतीत मात्र प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके, आणि शह न बसलेल्या राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय नियम रूढ झाले, तसे हे देशी नियम मागे पडले.

तेव्हा 'बुद्धिबळ आमचे' म्हणताना त्यात काय काय आमचे आहे, ते नेमके सांगता यायला हवे. पट आमचा, घोड्याची चाल आमची; वजिराची आजची धाव परक्या भूमीतून आलेली. एवढे सांगितल्याने अभिमान उणावत नाही. उलट त्याला मंदोदरीच्या कथेपेक्षा बळकट आधार मिळतो. मुंजाच्या पदरी असलेल्या एका छंदःशास्त्रज्ञाने शिष्यांसाठी लिहिलेले साधे वाक्य हा त्या आधारातलाच एक दुवा आहे.