घायाळास उचलण्याची विद्या

इतिहासांत सेनापतींचीं नांवें आपण पाठ करतों. परंतु रणांगणावर पडलेल्या शिपायांस उचलून आणणारांची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. घायाळास कसें हलवावें ही विद्या मनुष्यजातीनें फार उशीरां आणि फार मोठी किंमत देऊन संपादन केली. तिचा वृत्तांत आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यांत असा नियम होता कीं, जखमींच्या गाड्यांनीं सैन्याच्या मागें एक लीग, म्हणजे सुमारें अडीच मैलांवर थांबावें. लढाई संपल्यावरच जखमी गोळा करीत. तोंवर कित्येकदां अहोरात्र उलटे, आणि वांचण्याजोगीं माणसें रक्तस्रावानें प्राण सोडीत. १७९२ सालीं ऱ्हाइनच्या आघाडीवरील तरुण शस्त्रवैद्य डोमिनिक-जाँ लारे यास हें पाहवेना. तोफा घोड्यांच्या बळावर रणांगणांत चपळाईनें फिरतात, तर जखमींच्या गाड्या कां फिरूं नयेत? त्यानें स्प्रिंगांवर बसविलेल्या हलक्या दुचाकी गाड्या करविल्या. त्यांचा तळ लहान रुळांवर सरके व त्यावर कातड्यानें मढविलेली गादी असे. त्यामुळें घायाळास अलगद आंत सरकवितां येई. हुद्दा व पक्ष न पाहतां, ज्याची जखम भारी त्याची शुश्रूषा आधीं, हा दंडकही त्यानें पाळला.

पुढचा प्रश्न असा कीं, हें काम फक्त वैद्यांचेंच काय? १८७७ सालीं इंग्लंडांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली व सामान्य नागरिकांस प्रथमोपचाराचे धडे मिळूं लागले. अशा शिक्षणाचें मोल १८९९ सालीं बोअर युद्धांत दिसून आलें. गांधीजींनीं नाताळमध्यें सुमारें अकराशें हिंदी माणसांचें पथक उभारलें. त्यांत बहुतेक गिरमिटिये मजूर होते. डॉ. बूथ यांनीं पुढाऱ्यांस शुश्रूषा शिकविली. जेथें वाहनें चालत नसत, तेथें या माणसांनीं जखमींच्या डोल्या खांद्यावरून दिवसाकाठीं वीस-पंचवीस मैल वाहिल्या.

तरीही एक धडा राहिलाच होता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं मांडीचें हाड मोडलेला शिपाई पुरेसा आधार न बांधतांच हलविला जाई. प्रत्येक हिसक्यासरशीं हाडाचीं टोकें मांस चिरीत, आणि असे फार जखमी दगावत. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनीं गुडघ्याच्या विकारासाठीं एक लोखंडी पट्टी योजिली होती. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनीं तिचा सैन्यांत प्रसार केला. १९१७ सालीं अरासच्या लढाईंत, जखमीस हलविण्यापूर्वींच ही पट्टी बांधण्यांत आली, तेव्हां अशा हजारावर रुग्णांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें सोळांवर उतरलें. केवळ त्वरेनें न साधलेलें काम स्थैर्यानें साधलें.

आज आपल्या शहरांत अपघात झाला कीं भोंवतालचीं दयाळू माणसें धांवतात, हातपाय धरून घायाळास उचलतात आणि पहिल्या रिक्षांत कोंबतात. हेतु उत्तम, परंतु मानेचा मणका दुखावला असल्यास त्या एका हिसक्यानें मनुष्य जन्माचा पांगळा होऊं शकतो. म्हणून आग, पाणी, वाहनें असा प्रत्यक्ष धोका नसेल तर त्यास हलवूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असून तोंडांत उलटी किंवा रक्त येत असेल, तर डोकें, मान व धड एका रेषेंत राखून त्यास कुशीवर वळवावें. श्वास बंद असेल तर उताणें निजवून छातीवर दाब देण्यास तत्काळ आरंभ करावा. हलविणें अटळच झालें, तर डोकें धरणाऱ्या एकानेंच हुकूम द्यावा व बाकीच्यांनीं एकदम उचलावें.

लारेनें त्वरा शिकविली, अरासनें धीर शिकविला. रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ आपण प्रथम पोहोंचलों, तर या दोहोंपैकीं कोणत्या गुणाची त्या क्षणीं गरज आहे, हें ओळखण्यावर त्याचा प्राण अवलंबून असतो.