सीडी २८ ग्राहीचे देहातील वसतिस्थान : एका चाचणीचा इतिहास

दि. १३ मार्च २००६ रोजी लंडन येथील नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन १४१२ ह्या प्रतिपिंडाची मानवावरील पहिली चाचणी झाली. आठ निरोगी पुरुषांपैकी दोघांस निष्प्रभावी द्रव व सहांस औषध देण्यात आले. औषध मिळालेल्या सहाही जणांस दीड तासाच्या आत तीव्र दाहविकार जडला व पुढे त्यांची अनेक इंद्रिये निकामी होऊ लागली. सर्वांचे प्राण वाचले. परंतु दिलेली मात्रा माकडांस निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या केवळ पाचशेवा भाग होती, ही गोष्ट विचारास प्रवृत्त करणारी होती.

सीडी २८ हा ग्राही टी-पेशींच्या पृष्ठभागावर असतो. परकीय द्रव्य ओळखल्याचा पहिला संकेत मिळाल्यावर पेशी कार्यप्रवृत्त होण्यास लागणारा दुसरा संकेत तो पुरवितो. पहिल्या संकेतावाचूनच पेशींस चेतविण्याचे सामर्थ्य टीजीएन १४१२ मध्ये होते. ह्या ग्राहीचा बाह्य भाग मानवात व त्या माकडांत एकसारखा असल्याने दोहोंचा प्रतिसादही सारखाच असेल, असे गृहीत धरले गेले.

चूक रचनेविषयी नव्हती, स्थानाविषयी होती. २०१० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी असे दाखविले की, पूर्वी एकदा लढलेल्या व त्वरित प्रतिकार करणाऱ्या सीडी ४ स्मृतिपेशींवर मानवात सीडी २८ आढळतो, माकडांत मात्र तो लोपलेला असतो. चाचणीपूर्वी मानवी रक्तपेशीही तपासल्या होत्या. त्यांनीही इशारा दिला नाही. ह्याचे कारण असे की, देहातील लसीकापेशींपैकी सुमारे दोन टक्केच रक्तात असतात. उरलेल्या लसीकाग्रंथी, प्लीहा, आतडे, फुप्फुस व त्वचा ह्यांत वसतात. २०११ मध्ये व्युर्ट्सबुर्ग येथील संशोधकांनी रक्तपेशींस ऊतींतल्याप्रमाणे दाट समूहात काही काळ ठेवले, तेव्हा त्याच पेशी ह्या प्रतिपिंडास प्रखर प्रतिसाद देऊ लागल्या.

तत्पूर्वीच, २००७ मध्ये, युरोपीय औषधनियामक संस्थेने मानवावरील पहिल्या चाचणीसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. ज्या मात्रेने किमान जैव परिणाम अपेक्षित असेल तेथूनच आरंभ करण्याचा विचार त्यांत आला.

ग्राही कोठे आढळतो, ह्याची नोंद पुष्कळदा केवळ वर्णनात्मक मानली जाते. प्रस्तुत इतिहास त्या समजुतीस छेद देतो. ग्राहीची रचना कळली तरी तो कोणत्या पेशीवर, कोणत्या अवयवात व कोणत्या प्राण्यात आहे हे कळल्यावाचून त्याच्या कार्याचे अनुमान अपुरेच राहते. लंडनच्या त्या चाचणीत ह्या अपुरेपणाची किंमत सहा निरोगी माणसांना मोजावी लागली.