कोड आणि कामगार

माणच्या एका कारखान्यात हातावर पांढरे डाग पडलेल्या गड्याला सोबती जेवायला शेजारी बसू देईनात, हे आम्ही पाहिले आहे. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे; स्पर्शाने तो पसरत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या, की डाग पडतो.

१९३९ साली अमेरिकेतील चामड्याच्या कारखान्यातले असेच एक प्रकरण प्रसिद्ध झाले. तेथे कामगारांचे हात पांढरे पडले. दोष रक्ताचा नव्हता, रबरी हातमोज्यांतील रसायनाचा होता. ते मोजे सुटल्यावर अनेकांचा रंग परतला.

प्रत्येक कोड कारखान्यातून येते असे नव्हे. घरातली भीती २००६ च्या ‘नितळ’ चित्रपटाने दाखविली. कारखान्यातली आपणच घालविली पाहिजे. म्हणून गड्याला दूर सारण्याआधी, त्याच्या हाताला रोज काय लागते ते विचारा.